माकडांचं कोलेस्टेरॉल आणि त्यांची जनुकं : आकडा वाचण्याआधी काय तपासायचं?

पाऊलवाट_पन्हाळा
"माकडं रानातलं खातात म्हणून त्यांना अटॅक येत नाही" हे वाक्य आपल्या कोल्हापुरात तालमीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडं फिरतं. ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं जनुकांत आहे, आणि त्यावर मराठीत नीट लिहिलेलं फारसं सापडत नाही. म्हणून हा धागा. प्राणिशास्त्र, बायोकेमिस्ट्री, पॅथॉलॉजीवाले इथं बरेच आहेत. ज्याला जे पक्कं माहीत आहे त्यानं तेवढंच लिहावं.

सुरुवात मी करतो. रक्तात चरबी सुटी फिरत नाही, प्रथिनाच्या वेष्टनात बांधून फिरते. त्या गाठोड्याला लिपोप्रोटीन म्हणतात. त्यातलं एलडीएल म्हणजे लोक ज्याला "वाईट कोलेस्टेरॉल" म्हणतात ते. एलडीएलच्या प्रत्येक कणावर एपो-बी नावाच्या प्रथिनाचा एकच रेणू असतो. यकृतावरचे एलडीएल रिसेप्टर तो ओळखतात आणि कण आत ओढून घेतात. रिसेप्टर कमी असले की कण रक्तात जास्त दिवस राहतो, धमनीच्या भिंतीत शिरतो आणि तिथं साचतो. ही यंत्रणा माणसात आणि माकडात एकच आहे. रिसेप्टरचा शोध लावल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं.

साध्या, कमी चरबीच्या आहारावर ऱ्हीसस माकडाचं एकूण कोलेस्टेरॉल दीडशेच्या आसपास असतं. (धाग्यात सगळे आकडे मिग्रॅ प्रति डेसिलिटरमध्ये धरा.) पण एकाच पिंजऱ्यात, एकाच खाण्यावर एखादं माकड दुप्पट आकडा दाखवतं. ते का, हा खरा प्रश्न.

दाजीपूर_गवा
आधी प्रजातीचं स्पष्ट करूया, नाहीतर पुढं सगळा घोळ होईल. आपल्याकडं लाल तोंडाचं ते माकड आणि काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. राधानगरी-दाजीपूरला दोन्ही आहेत. पण आपलं माकड म्हणजे टोपी माकड, बॉनेट मकाक. संशोधनात ज्याचं नाव सारखं येतं ते ऱ्हीसस उत्तर भारतातलं. दुसरं नाव येतं ते सायनोमोल्गस, आग्नेय आशियातलं लांब शेपटीचं मकाक. आफ्रिकेतले बबून आणि व्हर्वेट आणखी वेगळे. एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका.

भारतातून ऱ्हीसस बाहेर पाठवणं १९७८ साली बंद झालं. त्याआधी गेलेल्या माकडांची वंशावळ आजही परदेशातल्या वसाहतींत चालू आहे. पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर १९३८ साली ४०९ ऱ्हीसस सोडले, तेही इथूनच नेलेले.

अनुवंश_४६
आता दुप्पट आकड्याच्या माकडाबद्दल. ऱ्हीससचं एक कुटुंब शिकागोच्या स्कानू यांच्या गटाला सापडलं. खाणं साधं, तरी कोलेस्टेरॉल चढलेलं, आणि ते आईबापांकडून पिल्लांत उतरत होतं. १९८८ साली त्यांनी दाखवलं की दोष एलडीएल रिसेप्टरचा आहे. १९९० साली नेमकी जागा मिळाली : रिसेप्टरच्या जनुकात २८४व्या कोडॉनवर (एक अमिनो आम्ल ठरवणारी तीन अक्षरं) टीजीजीचं टीएजी झालेलं. एक अक्षर बदललं आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या जागी "इथं थांबा" अशी खूण आली. प्रथिन अर्धवट तुटतं, पेशीच्या पृष्ठभागावर पोचत नाही. माकडाकडं एक चांगली प्रत आणि एक बिघडलेली, म्हणजे रिसेप्टर निम्मे. माणसातल्या फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमियाचा, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या जास्त कोलेस्टेरॉलच्या आजाराचा, हाच नमुना.

पण अशी एका घावात दोन तुकडे करणारी जनुकं विरळा. बहुतेक माकडांत फरक पडतो तो पुष्कळ जनुकांच्या बारीक बारीक भरीनं. त्यात आहार मिसळतो, आणि मग कुणाचा आकडा चढतो, कुणाचा जागचा हलत नाही.

एपो-ई या लिपोप्रोटीनवरच्या दुसऱ्या प्रथिनाचं उदाहरण मला सगळ्यात शिकवणारं वाटतं. माणसात ई-२, ई-३, ई-४ असे तीन प्रकार. माकडांत ११२व्या जागी आर्जिनीन असतं, म्हणजे नुसतं अक्षर बघितलं तर ते आपल्या ई-४ सारखं. पण ६१व्या जागी आपल्याकडं आर्जिनीन आणि त्यांच्याकडं थ्रिओनीन. त्या एका बदलामुळं प्रथिनाची घडी वेगळी पडते आणि ते वागतं ई-३ सारखं. जनुकाची यादी वाचून "याला ई-४ आहे, धोका जास्त" असं लिहिणारा इथं साफ चुकतो.

रंकाळा_सकाळ
मॅडम, एलपी-ए बद्दल पण सांगा. हल्ली हार्टचे डॉक्टर ही टेस्ट लिहून देतात.

अनुवंश_४६
सांगते. एलपी-ए म्हणजे एलडीएलचाच कण, त्याला एपो-ए नावाचं एक लांबलचक प्रथिन जोडलेलं. ऑस्लोच्या कोरे बर्ग यांनी ते १९६३ साली शोधलं. हे प्रथिन प्लाझ्मिनोजेनच्या (रक्ताची गुठळी विरघळवण्यात भाग घेणारं प्रथिन) जनुकाची नक्कल होऊन तयार झालं. माणूस, मोठे कपी आणि मकाक-बबूनसारखी जुन्या जगातली माकडं यांच्यात ते असतं. उंदीर, घूस, ससा यांच्यात नसतं. म्हणून एलपी-ए खाली आणणारं औषध साध्या उंदरावर तपासता येत नाही, माकड लागतं. ओल्पासिरान हे औषध सायनोमोल्गसवर तपासूनच माणसापर्यंत आलं.

या प्रथिनात क्रिंगल नावाची वेटोळी असतात. त्यातलं चौथ्या जातीचं दुसरं वेटोळं किती वेळा येतं हे प्रत्येकाच्या जनुकात वेगळं. माणसात वेटोळी कमी तेवढं प्रथिन आखूड, यकृतातून ते लवकर बाहेर पडतं आणि रक्तातला आकडा मोठा. आहारानं यात फारसा फरक पडत नाही, जवळजवळ सगळा खेळ जनुकाचा.

ऱ्हीससमध्ये एक मेख आहे. त्याच्या एपो-ए मध्ये पाचव्या जातीचं क्रिंगल नाही. शिवाय चौथ्या जातीच्या दहाव्या वेटोळ्यात ७२व्या जागी ट्रिप्टोफॅनऐवजी आर्जिनीन आहे, त्यामुळं ते लायसिन या अमिनो आम्लाला नीट चिकटत नाही. रक्ताच्या गुठळीतल्या फायब्रिनला धरून ठेवण्याचा गुण त्याच लायसिनच्या खोबणीत असतो. म्हणून "एलपी-ए गुठळी विरघळू देत नाही का?" हा प्रश्न ऱ्हीससवर सोडवायला गेलात तर उत्तर चुकीचं मिळणार.

नमुना_क्रमांक_७
पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वनविभागाच्या किंवा विद्यापीठाच्या कामातून माकडाचा नमुना आला, तर आमच्या ऑटोअ‍ॅनालायझरवर लिपिड प्रोफाइल लावलं तर चालेल का?

कात्यायनी_लॅब
दादा, काही चालेल, काही नाही. नमुन्यापासून सांगते, कारण निम्म्या चुका मशीनच्या आधीच झालेल्या असतात.

उपाशीपोट. रात्रभर, किमान १२ तास. मकाकाच्या बाबतीत खाणं काढून घेतलं म्हणजे उपास झाला असं नाही. त्याच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात. संध्याकाळी पाचला भरलेले हरभरे, शेंगदाणे ते मध्यरात्री पिशवीतून काढून सावकाश चावत बसतं. गाल बाहेरून दाबला तर आतले दाणे हाताला लागतात. म्हणून खाणं काढल्यावर पिंजऱ्याचा तळ झाडायचा, आणि सकाळी भूल दिल्यावर गाल रिकामे आहेत का हे पशुवैद्यानं बघायचं. भरलेले असतील तर ट्रायग्लिसराइडचा आकडा सोडून द्या. शिवाय भुलेत तोंडात दाणे राहिले तर ठसका लागून जिवावर बेततं. वानराला गालाच्या पिशव्या नसतात, पण त्याचं पोट कप्प्यांचं असतं, पाला त्यात आंबत राहतो. त्याचा "उपास" आपल्यासारखा मोजता येत नाही.

भूल. केटामीन १० मिग्रॅ प्रति किलो, स्नायूत. हे पशुवैद्याचं काम, दुसऱ्या कुणी हात घालू नये. पकडताना माकड जितकं घाबरेल आणि झगडेल तितकी मुक्त मेदाम्लं रक्तात वाढतात. त्यामुळं पाठलाग करून पकडलेल्याचा आणि शांतपणे टोचलेल्याचा नमुना एकाच तक्त्यात घालू नका.

किती रक्त. किलोमागं साधारण ६० मिली रक्त धरा आणि एका वेळी त्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ नका. ५ किलोच्या माकडाला कमाल ३० मिली. लिपिड आणि डीएनए दोन्हीसाठी ५ मिली भरपूर होतं.

बल्ब. जांभळ्या टोपणाचा, ईडीटीएचा. भरल्या भरल्या आठ-दहा वेळा हळूच उलटा-सुलटा करायचा, हलवायचा नाही, नाहीतर पेशी फुटतात. लगेच बर्फात. ईडीटीए धातूचे आयन बांधून ठेवतं, म्हणून कणांचं ऑक्सिडेशन थांबतं. बल्ब बाहेर टेबलावर राहिला तर रक्तातलं एलसीएटी एन्झाइम काम करत राहतं आणि एचडीएलची ("चांगलं कोलेस्टेरॉल" म्हणतात ते) घडण बदलते. दोन तासांच्या आत ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज, १५०० जी, १५ मिनिटं. ईडीटीए पेशींतलं पाणी ओढून प्लाझ्मा पातळ करतं, त्यामुळं कोलेस्टेरॉल सीरमपेक्षा सुमारे तीन टक्के कमी दिसतं. एक तुकडी सीरमवर आणि एक प्लाझ्मावर असं कधीच करू नका.

आता मशीन. एकूण कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड बिनधास्त लावा, तो रेणू माणसात आणि माकडात एकच आहे, एन्झाइमला फरक कळत नाही. अडचण येते ती "डायरेक्ट एचडीएल" आणि "डायरेक्ट एलडीएल" किटमध्ये. ती माणसाच्या कणांसाठी बसवलेली असतात. एचडीएलसाठी फॉस्फोटंग्स्टेट-मॅग्नेशियम किंवा डेक्स्ट्रान सल्फेटनं बाकीचे कण खाली बसवून वरचा भाग मोजा. एलपी-ए चं किट तर माणसाच्या एपो-ए विरुद्धच्या अँटिबॉडीवर चालतं. ती माकडाच्या प्रथिनाला कमी-जास्त चिकटते, कधी प्लाझ्मिनोजेनलाही धरते. त्याच प्रजातीचं प्रमाणित द्रावण नसेल तर आकडा छापू नका.

नमुना_क्रमांक_७
ताई, मग एलडीएल आम्ही फॉर्म्युल्यानं काढला तर?

कात्यायनी_लॅब
फ्रीडेवाल्डचं सूत्र १९७२ सालचं, माणसाच्या उपाशी नमुन्यावर बेतलेलं. एकूणातून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइड भागिले ५ वजा. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर असेल तर माणसातही वापरायचं नाही.

माकडात काय होतं ते करून बघा. एकूण १६०, एचडीएल ७०, ट्रायग्लिसराइड ६०. एलडीएल आलं ७८. आता तेच माकड, गालात दाणे, ट्रायग्लिसराइड २४०. बाकी आकडे तेच धरले तर १६० वजा ७० वजा ४८, म्हणजे ४२. गालातल्या मूठभर दाण्यांनी एलडीएल ३६ अंकांनी पडलं, आणि तुम्ही लिहिणार "या माकडात संरक्षक जनुक असावं". सूत्र नकोच. शक्य असेल तर एपो-बी मोजा, नाहीतर अल्ट्रासेंट्रिफ्यूज, म्हणजे अतिवेगानं फिरवून कण घनतेनुसार वेगळे करणारं यंत्र.

घनता_१०६३
अल्ट्रासेंट्रिफ्यूजचं मी जोडतो. पोटॅशियम ब्रोमाइड या मिठानं घनता वाढवत जायचं. १.००६ पर्यंत व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड वाहणारे सगळ्यात हलके कण) वर तरंगतं, १.०१९ ते १.०६३ एलडीएल, १.०६३ ते १.२१ एचडीएल. एलपी-ए मात्र साधारण १.०५ ते १.१२ मध्ये बसतं, म्हणजे १.०६३ वर कापलं की त्याचे दोन तुकडे होतात, थोडं एलडीएलमध्ये, थोडं एचडीएलमध्ये. एलपी-ए जास्त असलेल्या माकडाचं एचडीएल फुगलेलं दिसतं आणि ते "चांगलं" समजलं जातं. ही चूक फार सहज होते. मीठ घालताना एकदम ओतू नका, चिमूट चिमूट घाला आणि फेस येऊ देऊ नका, फेसात प्रथिन मरतं. या कामाचा प्लाझ्मा गोठवायचा नाही, ४ अंशांवर ठेवून लवकरात लवकर फिरवायचा. गोठवून वितळवला की व्हीएलडीएलचे कण फुटतात.

तालीम_संघ
मंडळी, मूळ प्रश्न राहिला बघा. घाटात गाड्या थांबवून लोक माकडांना शेंगदाणे, खोबरं टाकतात. जोतिबाला तर खोबरं-गुलाल उधळतातच. शेंगतेल तर आपल्या घराघरांत. त्यानं माकडाच्या हृदयाला काय होतं?

पाऊलवाट_पन्हाळा
शेंगदाणा आणि खोबरं वनस्पतीजन्य, दोन्हीत कोलेस्टेरॉल शून्य. खोबऱ्याच्या चरबीत सुमारे ९० टक्के संपृक्त मेदाम्लं, ती यकृतातले एलडीएल रिसेप्टर कमी करतात, म्हणून एलडीएल वाढतं. शेंगदाण्यात तसं नाही.

पण शेंगतेलाबद्दल एक जुना प्रयोग चुकीच्या अर्थानं फिरतो. १९७४ साली शिकागोच्या व्हेसेलिनोविच आणि विसलर यांनी ऱ्हीससना वेगवेगळ्या चरबी दिल्या, आणि शेंगदाण्याचं तेल धमन्यांना अपेक्षेपेक्षा जास्त वाईट निघालं. हे खरं. मात्र आहाराच्या वजनात २५ टक्के चरबी आणि वरून २ टक्के कोलेस्टेरॉल घातलं होतं. हिशेब करा. १०० ग्रॅम खाण्यात २००० मिग्रॅ कोलेस्टेरॉल, खाणं साधारण ४८० किलोकॅलरीचं, म्हणजे किलोकॅलरीमागं ४ मिग्रॅच्या वर. २००० किलोकॅलरी खाणाऱ्या माणसाला ते ८ ग्रॅम पडतं, रोज चाळीसेक अंड्यांचा बलक. आपल्या आमटीच्या फोडणीशी त्याचा संबंध लावणं चूक आहे.

माकडाच्या आहाराचा कुठलाही आकडा वाचताना टक्के बघू नका, किलोकॅलरीमागं मिलिग्रॅम बघा. दोन अंडी खाणारा माणूस साधारण ०.१९ वर असतो. माकडावर ०.२ ते ०.८ दिलेलं असेल तर निदान तुलनेला जागा आहे.

अनुवंश_४६
तालीम_संघ, यात जनुक कुठं येतं ते सांगते. तोच कोलेस्टेरॉलचा आहार दहा माकडांना दिला तर काहींचा आकडा चारशे-पाचशेवर जातो, काहींचा थोडासाच हलतो. पहिल्यांना हायपर-रिस्पॉन्डर म्हणतात, दुसऱ्यांना हायपो-रिस्पॉन्डर. दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल माकडांत हे आधी नीट दाखवलं गेलं, आणि निवडक वीण करून हा गुण पिढीत वेगळा काढता येतो. अमेरिकेत सॅन अँटोनियोत बबूनच्या अशाच वंशावळी जोपासल्या आहेत.

आणखी एक, माणसाच्या उलट जाणारी गोष्ट. माणसात बारीक, घट्ट एलडीएल कण वाईट मानतात. कोलेस्टेरॉल खाणाऱ्या सायनोमोल्गसमध्ये एलडीएलचे कण उलट मोठे, कोलेस्टेरॉल एस्टरनं ठासून भरलेले होतात. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या रुडेल यांच्या कामात कण जितका मोठा तितका कोरोनरी धमनीचा आजार जास्त, असं दिसलं. त्यामुळं "कण मोठा, काळजी नको" हे माकडाला लागू नाही.

घनता_१०६३
आणि समाजातली जागा. वेक फॉरेस्टलाच कॅप्लान यांनी १९८२ साली दाखवलं की सायनोमोल्गस नरांचे गट सारखे बदलत ठेवले तर वरचढ नरांच्या धमन्या जास्त बिघडतात. कोलेस्टेरॉलच्या आकड्यात त्या मानानं फरक नव्हता. जनुकाचा अभ्यास करताना टोळीतला दर्जा नोंदवला नाही तर हा परिणाम नकळत जनुकाच्या खात्यावर जातो.

वंशावळ_करवीर
आनुवंशिकता, म्हणजे फरकातला जनुकांमुळं येणारा वाटा, मोजताना हीच मोठी गल्लत होते. वसाहतीत एक नर आणि अनेक माद्या असतात, म्हणून सावत्र भावंडं भरपूर मिळतात. बापाकडून सावत्र असलेल्या भावंडांत जनुकांचा चौथा हिस्सा समाईक, म्हणून त्यांच्यातलं साम्य गुणिले ४ केलं की आनुवंशिकता मिळते. साम्य ०.१० तर आनुवंशिकता ०.४०. पण त्या नराची सगळी पिल्लं एकाच पिंजऱ्यात, एकाच माणसाच्या हातून खाणं घेत असतील तर ०.१० मधलं किती जनुकाचं आणि किती पिंजऱ्याचं हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. चुकलेलं ०.०३ सुद्धा चौपट होऊन ०.१२ होतं. नर पिंजऱ्यांमधून फिरवलेले असले पाहिजेत, आणि पितृत्व डीएनएवरून तपासलेलं पाहिजे. टोळीत कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळा निघणं नेहमीचं आहे.

पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवण्याची पद्धत) करणाऱ्यांसाठी : माणसाच्या जनुकावरून बनवलेले प्रायमर, म्हणजे प्रत सुरू करून देणारे छोटे तुकडे, माकडाला लावू नका. प्रायमरच्या ३-प्राइम टोकाखाली एका प्रतीत अक्षर वेगळं असेल तर ती प्रत वाढतच नाही. दोन वेगळ्या प्रती असलेलं माकड एकाच प्रतीचं दिसतं. मकाकाचा स्वतःचा जीनोम २००७ पासून हाताशी आहे, प्रायमर त्यावरूनच बनवा. एपो-ए च्या वेटोळ्यांना तर छोट्या तुकड्यांचं सिक्वेन्सिंग उपयोगाचं नाही, सारखे तुकडे एकावर एक रचले जातात आणि वेटोळी किती ते कळत नाही. लांब वाचन घ्या, नाहीतर प्लाझ्मा जेलवर चालवून प्रथिनाची लांबीच बघा.

रंकाळा_सकाळ
जनुकच बदललं तर?

अनुवंश_४६
माकडात करून झालंय. पीसीएसके-९ हे प्रथिन एलडीएल रिसेप्टर मोडून टाकतं. २०२१ साली सायनोमोल्गसच्या यकृतात या जनुकाचं एक अक्षर बेस एडिटिंगनं बदललं, चरबीच्या सूक्ष्म कणांतून, एकदाच सलाईनवाटे. रक्तातलं पीसीएसके-९ सुमारे ९० टक्के आणि एलडीएल सुमारे ६० टक्के उतरलं, आणि किमान आठ महिने तसंच राहिलं. माणसात हे जनुक जन्मतःच बिघडलेले लोक आहेत. २००६ साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या अभ्यासात त्यांचं एलडीएल २८ टक्के कमी आणि कोरोनरी आजार ८८ टक्के कमी आढळला. आयुष्यभर थोडं कमी एलडीएल किती मोलाचं असतं ते इथं दिसतं.

तालीम_संघ
मग माकडाला अटॅक येतो की नाही?

पाऊलवाट_पन्हाळा
रानातल्या खाण्यावर कोरोनरीत मोठा साठा क्वचित होतो. प्रयोगाच्या आहारावर दोन-तीन वर्षांत साठा होतो, पण तो फुटून माणसासारखा अटॅक येणं माकडात विरळाच. चिंपांझीत हृदयविकार पुष्कळ, पण तो बहुतेक वेळा हृदयाच्या स्नायूत तंतू वाढून होतो, धमनी तुंबून नाही. म्हणून माकडातून साठा कसा होतो ते शिकायचं. अटॅकचं शेवटचं पाऊल तिथं नीट दिसत नाही.

दाजीपूर_गवा
एक कळकळीची विनंती. रानात मेलेलं माकड दिसलं तर "हृदय उघडून बघूया" म्हणून कुणीही हात लावू नये. शेजारच्या सिंधुदुर्गात माकडताप आहे. त्यात माकडं आणि वानरं दोन्ही मरतात आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी माणसावर येतात. लांब राहून वनविभागाला कळवा. मेलेल्या जनावराच्या रक्तातल्या लिपिडला तसाही अर्थ नसतो. जिवंत मकाक चावलं किंवा ओरखडलं तर साबणपाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. रेबीजची लस तर आहेच, शिवाय मकाकांत हर्पिस-बी विषाणू असतो.

नमुना_क्रमांक_७
शेवटचं विचारतो. डीएनएसाठी वेगळा बल्ब घ्यायचा का?

कात्यायनी_लॅब
नको. त्याच ईडीटीए बल्बमधून प्लाझ्मा काढल्यावर लाल पेशींच्या वर पांढरट पातळ थर उरतो, तोच पिपेटनं उचला. प्लाझ्मा काढताना थोडा वरच सोडा, नाहीतर तो थर ओढला जातो. हिरव्या टोपणाचा हेपरिन बल्ब घेऊ नका, हेपरिन पीसीआरला अडवतं. आणि दोन्ही कुप्यांवर माकडाच्या गोंदणाचा क्रमांक लिहा, पिंजऱ्याचा नाही. माकड पिंजरा बदलतं.